संडरलँड पुलाचा रमर: कोरीवकाम जुनं की नंतरचं?

प्रश्न – काचप्रेमी
लिलावात इंग्लंडमधल्या संडरलँड शहराच्या लोखंडी पुलाचं चित्र कोरलेला एक रमर (आखूड दांड्याचा मोठा प्याला) आलाय. एका बाजूला पूल आणि खालून जाणारं शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला आद्याक्षरं. तळाशी पाँटिलची खूण (प्याला घडवताना धरायची सळई तोडल्यावर उरणारा व्रण) आहे, काच जुनी वाटते. पण कोरीवकामही त्याच काळातलं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर – चाकावरची_रेघ
दोन्हींचं वय वेगवेगळं तपासा. साधा जुना रमर स्वस्तात मिळतो, त्यावर पूल कोरला की भाव चढतो. फसवणूक बहुतेक इथेच होते. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रकाश बाजूने पाडा. जुन्या कोरीवकामात खाचांच्या कडा हाताळून झिजलेल्या असतात, खाचेचा तळ करडा दिसतो. नव्यात कडा धारदार, तळ पिठूळ पांढरा. खाचांत मळ चोळून काम जुनं भासवतात, तो बऱ्याचदा कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने निघून येतो.

काठही बघा. टवका उडालेला काठ घासून खाली घेतला असेल तर तो सपाट लागतो आणि वरची कोरीव पट्टी काठाला फार चिकटलेली दिसते.

उत्तर – जुनी_काच
वरच्यात भर. वापराचा ओरखडा खाचेपाशी तुटला म्हणून कोरीवकाम नंतरचं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. खाच खोल असेल तर नंतर पडलेला ओरखडाही तिच्या तळाला पोचत नाही. ओरखडा जिथे खाच ओलांडतो तिथे कडेला बारीक इजा आहे का ते पाहा. असेल तर खाच आधीची.

चित्रही बोलतं. पूल १७९६ मध्ये खुला झाला, मधोमध उंचवटा असलेला. १८५७ ते १८५९ दरम्यान अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनने तो उंचवटा काढून रस्ता सपाट केला. त्यामुळे १७९६ साल कोरलेलं आणि चित्रात मात्र सपाट पूल, असा प्याला मी तरी घेणार नाही. उलट, उंचवटा बरोबर आहे म्हणून प्याला १७९६ चाच, असंही नाही. हे प्याले पुढे कित्येक वर्षं कोरले जात होते.

उत्तर – चाकावरची_रेघ
सफाईदार हाताला भुलू नका, हेही महत्त्वाचं. डब्लिनमधला बोहेमियन कोरक्या फ्रांझ टीझे (१८४२–१९३२) याने कोरलेले 'अठराव्या शतकातले' स्मारक-प्याले जाणकारांनीही बराच काळ अस्सल मानले होते.

लिलाववाल्यांकडून काळ्या कापडावर बाजूच्या उजेडात घेतलेले खाचांचे, काठाचे आणि तळाचे जवळचे फोटो मागवा. तळाच्या टेकणाऱ्या कडेवरचे ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले हवेत. एकाच दिशेचे असतील तर घासकागदाने मुद्दाम घासलेत.