कॅन्टोन्मेंटचे रस्ते: आपले की लष्कराचे?

घोरपडीकर: काल रात्री परत तेच, कॅन्टोन्मेंटच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, रस्त्यावरचं गेट बंद, आत सोडेना. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, शेवटी वळसा घालून गेलो, वीस मिनिटं जास्त. आमची तिसरी पिढी इथं राहते हो, आणि आम्हालाच आधार दाखव म्हणतात. मे 2018 मध्ये निर्मला सीतारामन संरक्षणमंत्री असताना देशातल्या कॅन्टोन्मेंटचे बंद रस्ते खुले करायचे आदेश निघाले होते ना, मग हे गेट आलं कुठून?

फौजीनाना: भाऊ, आईचं ऐकून वाईट वाटलं, पेशंट असेल तर सोडायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण 2016 चा जम्मूजवळच्या नगरोटा लष्करी तळावरचा हल्ला आठवा, फॅमिली क्वार्टरपर्यंत पोचले होते अतिरेकी. आत आमची लेकरंबाळं राहतात, आणि रात्री अकराला पोरं सायलेन्सर काढलेल्या बुलेट घेऊन त्याच रस्त्यानं जातात. जमीन संरक्षण खात्याची आहे, बागेतली पायवाट नाही ती.

घोरपडीकर: नाना, नगरोट्याला अतिरेकी पोलिसांच्या वर्दीत आले होते. वर्दी मिळवणाऱ्याला आधार कार्ड मिळवायला किती वेळ लागतो? अडकतो तो दूधवाला आणि मी.

फौजीनाना: मग गेटच काढायचं का? कुलूप तोडता येतं म्हणून घराला कुलूप लावायचं सोडता का तुम्ही?

कॅम्पातली_ताई: दोघंही थांबा जरा. कॅन्टोन्मेंट कायदा 2006, कलम 258 वाचा. सुरक्षेचं कारण नसेल तर नोटीस काढून लोकांच्या हरकती घेतल्याशिवाय रस्ता कायमचा बंद करता येत नाही. घोळ असा की सुरक्षा म्हटलं की ती नोटीस पण लागत नाही, म्हणून सगळीकडे तोच शब्द वापरतात. मला गेटचा राग नाही, पण गेटवर कागद लावा की, कुणाच्या सहीनं बंद आहे, किती वाजेपर्यंत. पहाऱ्यावरच्या जवानाला विचारून काय उपयोग, त्याला वरून सांगितलंय तेवढंच तो करणार.

फौजीनाना: कागदाचं पटतंय. आमच्या वेळी लेखी ऑर्डरशिवाय पान हलत नव्हतं. पण रात्री खुलं ठेवायला माझा विरोध कायम.

घोरपडीकर: आणि दिवसा?

फौजीनाना: दिवसा जा. पण हळू.

घोरपडीकर: माझ्याकडं अ‍ॅक्टिव्हा आहे नाना, ती चाळीसच्या वर जातच नाही. ताई, हरकतीचा अर्ज कुणाच्या नावानं लिहू, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा सीईओ की लष्कराचा स्टेशन कमांडर?

कॅम्पातली_ताई: दोघांना टाक, आणि पोच घे.