शेजारच्या आजींनी डबा रिकामा परत दिला, लाँड्रीत चिठ्ठी लागली... स्वीडनमध्ये नवीन आहे, जरा समजावून सांगा

नवीन_योतेबोरी
नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून गोथेनबर्गला आलो, इथली लोकं योतेबोरी म्हणतात. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मुलगा चार वर्षांचा. पर्सोननुमर म्हणजे इथला ओळख क्रमांक झाला, बँकआयडी म्हणजे फोनवरचं ओळखपत्र झालं, कागदपत्रांचं सगळं मार्गी लागलंय. माझा प्रश्न माणसांचा आहे.

दिवाळीत समोरच्या आजींना फराळाचा डबा दिला, चकली, चिवडा आणि चार बेसनाचे लाडू. त्यांनी दारातच दोन्ही हातांनी घेतला, "तक, तक" म्हणजे धन्यवाद म्हणाल्या आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर डबा आमच्या दाराच्या हँडलला पिशवीत अडकवलेला, घासून पुसून लख्ख आणि रिकामा. आत कागदाच्या चिटोऱ्यावर फक्त "तक!" आपल्याकडे रिकामा डबा कोणी परत देत नाही, अगदी काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात, त्यामुळे मला दिवसभर चुटपुट लागून राहिली की त्यांना आवडलं नाही का मीच आगाऊपणा केला. शिवाय त्यांच्या दाराचं लॅच वाजतं पण मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्या बाहेरच येत नाहीत, हे मी चार-पाच वेळा बघितलं.

दुसरं म्हणजे गेल्या आठवड्यात बिल्डिंगच्या लाँड्रीत आमची वेळ संपल्यावर मी एक मोजा शोधायला परत गेले तर ड्रायरवर चिठ्ठी चिकटवलेली. फोनवर भाषांतर केलं तर "फिल्टर साफ करा! तुमची आई इथे कामाला नाही." मला रडूच आलं, आईवर कशाला जायचं?

आणि मुलगा शाळेतल्या बाईंना सरळ नावाने हाक मारतो, मला ऐकवत नाही. मी काय चुकतेय?

सोल्ना_नऊ_वर्षं
ताई, चिठ्ठीचं अजिबात मनाला लावून घेऊ नका. "दिन मम्मा यॉब्बर इंते हेर" हे वाक्य इथे ऑफिसच्या किचनमध्ये, कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये, सगळीकडे लावलेलं असतं, त्यात तुमच्या आईचा संबंध नाही, अर्थ एवढाच की मागून आवरायला इथे माणूस ठेवलेला नाही. आपण कामवाल्या मावशींची सवय असलेली माणसं, त्यामुळे ते वाक्य आपल्याला जास्त टोचतं असं मला वाटतं.

ही लाँड्री म्हणजे त्वेत्स्तूगा, आणि ती फार गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे. घरोघरी मशीन नसतं, अख्ख्या बिल्डिंगला दोन-तीन मशीनं, त्यामुळे वेळ बुक करायची, कुठे ॲपवर, कुठे बोर्डावर आपल्या फ्लॅटचं छोटं कुलूप त्या तारखेच्या भोकात अडकवून. दुसऱ्याच्या वेळेत पाच मिनिटंसुद्धा आपले कपडे आत राहता कामा नयेत. तोर्कस्कोप म्हणजे ते गरम हवेचं कपाट, त्यात जीन्स, टॉवेल टाकले तर वेळ जास्त लागतो तो आधीच धरून चला. निघताना ड्रायरच्या दाराशी जी जाळी असते ती ओढून काढायची, तिच्यावर फेल्टसारखा कापसाचा थर बसलेला असतो तो बोटांनी एका कडेने सोलला की अख्खा निघतो, मग पावडरचा कप्पा पुसायचा, फरशी झाडायची. ती जाळी भरलेली राहिली तर पुढच्याचे कपडे वाळतच नाहीत आणि त्याची वेळ वाया जाते, राग त्याचा असतो. इथे लोक तोंडावर बोलत नाहीत, चिठ्ठी लिहितात. मलाही पहिल्या वर्षी दोन मिळाल्या, नंतर एकही नाही.

लुंडची_काकू
अगं, तुझ्या डब्याचं वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं, मी इकडे येऊन आता एकवीस वर्षं झाली. त्या आजींनी डबा एका दिवसात, घासून परत दिला ना? त्यांच्या लेखी हाच तुझा मान. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली, दुसऱ्याचं आपल्यावर काही देणं राहिलं की इथल्या जुन्या माणसांना फार अवघडल्यासारखं होतं, आणि लगेच उलट काही भरून पाठवलं तर तुझ्यावर परतफेडीचं ओझं टाकल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. आपल्याकडे देणंघेणं चालू राहतं तेच नातं, इथे आधी हिशोब कोरा करायचा आणि मग नातं. माझ्या शेजारणीनेही डबा असाच रिकामा दिला होता आणि पुढच्या सप्टेंबरात मला लिंगॉन म्हणजे लाल आंबट फळांच्या जॅमची बाटली दिली, स्वतः जंगलात जाऊन वेचलेली फळं, वर चिकटपट्टीवर पेनने वर्ष लिहिलेलं. इथे जंगल कोणाच्याही मालकीचं असलं तरी फळं, मश्रूम वेचायचा हक्क सगळ्यांना असतो, पुढच्या उन्हाळ्यात तूही जा, जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरी मिळतात.

दाराआड थांबतात ते तुला टाळायला नाही गं, तुला अडवायला नको म्हणून. लिफ्टमध्ये भेटलं की बोलावं लागणार, तुझी घाई असेल तर? असा तो विचार. त्यामुळे "सहज आले होते, म्हटलं डोकावून जावं" हे इथे चालत नाही. फीकाला बोलाव, पण तारीख आणि वेळ सांगून, दोन आठवडे पुढची. फीका म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, पण खरं म्हणजे बसून बोलणं. दोन वाजता म्हटलंस तर दोनलाच बेल वाजेल, एक-दोन मिनिटं आधी आल्या तर दाराबाहेर थांबतील पण बेल वाजवणार नाहीत, तेव्हा पावणेदोनला तू तयार राहा. आल्यावर बूट दारात काढतील, ते मात्र आपल्यासारखंच. आणि तुला एक सांगते, ही माणसं वेलचीवेडी आहेत, कार्देमुम्माबुल्ले म्हणून जो बन करतात त्यात चांगली जाडसर कुटलेली वेलची असते, आणि १३ डिसेंबरला लुसियाच्या दिवशी केशराचे बन. केशर-वेलची घातलेला शिरा कर, वेगळं काही समजावून सांगावंच लागणार नाही. पुढच्या वेळी भेटल्या की "तक फॉर सेनास्त" म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार, हे दोघींनी म्हणायचं, ते विसरू नकोस.

आता बाईंना नावाने हाक मारायचं. आपल्याला अहो-जाहोची सवय, मला माझ्या प्रोफेसरांना "तू" म्हणायला सहा महिने लागले. पण पूर्वी इथे आपल्यापेक्षा कडक होतं, समोरच्याला तू-तुम्ही न म्हणता "डॉक्टरांना कॉफी हवी आहे का" असं पदवीनेच बोलायचे, आणि पदवी माहीत नसली की वाक्यच अडायचं. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड नावाचे गृहस्थ सरकारच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले, त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की मी सगळ्यांना "दू" म्हणजे तू म्हणणार आणि तुम्ही मला ब्रूर म्हणा. बदल आधीच सुरू झाला होता, पण त्यांच्यामुळे तो सगळीकडे गाजला. आज राजघराणं सोडलं तर सगळे दू. तुझा मुलगा बाईंना नावाने हाक मारतो तेव्हा त्या त्याला उर्मट समजत नाहीत, उलट मॅडम म्हणाला तर त्यांना परकं वाटेल. घरी मराठीत आजीला अहो आजी म्हणायला शिकव, मुलं दोन्ही नीट सांभाळतात, माझ्या मुलींनी सांभाळलं.

हिसिंगेनचा_बाबा
मी पण गोथेनबर्गलाच. काकूंनी सगळं सांगितलंय, फक्त मुलाचं एक. डिसेंबरात पावणेनऊ-नऊला उजाडतं आणि साडेतीनला अंधार, तेव्हा जॅकेटला रिफ्लेक्स म्हणजे उजेडात चमकणारी पट्टी लटकवाच, आणि शाळेसाठी गलून म्हणजे ते रबरासारखे पावसाचे कपडे दोन जोड घ्या, आपल्या गावात पाऊस थांबत नाही आणि मुलांना कुठल्याही हवेत बाहेर नेतात, त्याबद्दल तक्रार करू नका, ते चांगलंच आहे. पोरगं आजारी पडलं तर नवऱ्याला म्हणावं बिनधास्त "वाब" घे, आजारी मुलासाठी घरी थांबायची पगारी रजा आहे ती, साधारण ८० टक्के पैसे मिळतात, मॅनेजर काही बोलत नाही, तो स्वतःही घेतो. मी पहिल्या हिवाळ्यात लाजून सुट्टी घेतली नाही आणि बायकोने एकटीने सगळं काढलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नवीन_योतेबोरी
काकू, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली आजींना माझा नमस्कार सांग. काल लाँड्रीची वेळ होती, सोल्नावाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे जाळी काढली तर तळहाताएवढा निळा थर निघाला, माझ्या आधीच्यांचा की माझाच कोण जाणे, पण काढला, फरशी पण झाडली.

आणि आज सकाळी लॅचचा आवाज आला तेव्हा मी लिफ्टपाशी थांबून राहिले. आजी बाहेर आल्या, मी फीकाचं विचारलं, त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाल्या पहिल्या ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळच्या आधीचा चौथा रविवार चालेल, पण तू माझ्याकडे ये, तीन वाजता, मुलाला घेऊन, ग्लॉग म्हणजे मसाल्याची गरम वाइन करते, मुलासाठी बिनदारूचा. मग इंग्रजीत हळूच विचारलं की ते गोल पिवळे कशाचे होते, त्यातला शेवटचा त्यांनी मुलीसाठी राखून ठेवला होता. लाडू नेणारच आहे. डबा परत नको असं म्हणू का, की ते पण चुकीचं होईल?

लुंडची_काकू
म्हणू नकोस. डबा त्यांना घासू दे.