हाडं दुखतात आणि रिपोर्टात 'डी' कमी? तुमचे अनुभव लिहा

तेलुगू_मराठी : काल आत्याचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी ९. वीसच्या खाली गेलं की कमीच म्हणतात. सोलापुरात, जिथं मे महिन्यात पारा ४४ला जातो! सगळे हसले, मला मात्र अव्वा आठवली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरात विड्या वळायची. पुढं पुढं खाली बसली की गुडघ्यावर हात रोवून उठायची, जिना कठडा धरून. आम्ही म्हणायचो वय झालं. पन्नाशीची पण नव्हती ओ. आत्याला डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, उकिडवं बसून उठता येतं का, मांड्या भरून येतात का. डी नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढतं म्हणे. तुमच्याकडं कुणाला?

जुळे_सोलापूर : माझं ११. बरगडीवर बोट दाबलं तरी कळ. वर्षभर वाताच्या गोळ्या गिळल्या फुकट. सिस्टर म्हणाल्या उन्हात बसा. म्हटलं एप्रिलमध्ये तुम्ही बसून दाखवा.

सात_रस्ता : हाहाहा. पण सकाळी सातचं कोवळं ऊन कामाचं नाही बरं का. दहा ते तीनमधलं लागतं, हातपाय उघडे, थोडाच वेळ. काचेतून तर मिळतच नाही. आमचे बाबा बंद खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे, वर पेपर.

शेंगाचटणी : डीची पुडी जेवण झाल्यावर घ्यायची, तूपतेल पोटात असलं की लागू पडते. शेंगाचटणीवरचं तेल चालतंय का विचारलं, डॉक्टर नुसते बघत बसले

नाईट_शिफ्ट : ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते बे, रोज नाही!! आमच्या शेजारच्या काकांनी रोज घेतली. उलट्या, सारखी तहान, शेवटी ॲडमिट. रक्तात कॅल्शियम वाढलेलं.

आई_दोघांची : धाकट्याचे पाय बाकलेत. मुडदूस. मनगटाचा एक्स-रे काढला. अंगावरच्या दुधात डी फार कमी असतं, थेंब वर्षभर द्यायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई म्हणत होत्या लवकर उभा केला म्हणून झालं.

जुळे_सोलापूर : अगं ताई, औषध चालू आहे ना? लहानपणी बाक बराच भरून येतो. आणि सासूबाईंचं सोड.

आई_दोघांची : हो चालू आहे. आता पळतो तरी.

सात_रस्ता : @तेलुगू_मराठी अव्वा कुठं राहायच्या?

तेलुगू_मराठी : अशोक चौकाजवळ भाड्यानं. नंतर कुंभारीला गोदूताई वसाहतीत.

सात_रस्ता : कुंभारी! माझी मावशी तिथंच. विडीच करते अजून. तिचं तपासायला पाहिजे, गुडघे गुडघे करत असते.

नाईट_शिफ्ट : तपासणीला किती घेतात? आमच्याकडं बाराशे सांगितले

गच्चीवरची_काकू : माझं ३२ आलं. उन्हाळाभर अकरा वाजता गच्चीवर कुरडया घालते. त्यानंच आलं असं म्हणत नाही, पण सुनेला ऐकवून घेतलं.

शेंगाचटणी : काकू कुरडया विकता का

गच्चीवरची_काकू : अर्धा किलो बाजूला ठेवते. गव्हाच्या आहेत, चालतील ना?