मदत हवी आहे: सुती कापडावर पानांचे ठसे पुसट येतात आणि धुतल्यावर निघून जातात

कोरं सुती कापड, वजन ५०० ग्रॅम. साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून धुतलं. ७५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर ठेवलं. सकाळी हलकं पिळून त्यावर सागाची कोवळी पानं, गुलाबाची पानं आणि झेंडूच्या पाकळ्या मांडल्या, लोखंडी पाइपवर गुंडाळून सुतळीने बांधलं, ४५ मिनिटं वाफवलं आणि लगेच उघडलं. ठशांच्या कडा विरघळल्यासारख्या आहेत, झेंडूचा पिवळा मळकट हिरवा झाला आणि पहिल्याच धुण्यात निम्मा रंग गेला. हीच कृती रेशमावर छान चालते. सुतीला काय कमी पडतंय?

प्रतिसाद १
शेवटी मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पाहा, रंग पक्का होतो.

प्रतिसाद २
व्हिनेगर अजिबात नको. तुरटीवर बसलेला झेंडूचा पिवळा आंबटाने फिका पडतो, आणि मिठाने इथे काहीच साधत नाही. गडबड शेवटी नाही, सुरुवातीला आहे.

रेशीम म्हणजे प्रथिन, ते तुरटीला धरून ठेवतं. सुताला ती पकड नाही, म्हणून मध्ये टॅनिन (हिरड्यासारख्या फळांतला तुरट अंश) लागतं. त्याआधी खळ आणि मेण पूर्ण निघायला हवं: १० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं होईल. ते स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करा. नंतर सुकलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड अजून तयार नाही.

मग १०० ग्रॅम हिरडा पूड रात्रभर भिजवून गाळा, त्या कोमट पाण्यात कापड दोन तास ठेवा, पिळून न धुता सुकवा. त्यानंतर तुमची ७५ ग्रॅम तुरटी, सोबत १० ग्रॅम धुण्याचा सोडा. सोडा थोडा थोडा घाला, फेस येतो. तो बसल्यावरच कापड बुडवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी साध्या पाण्यातून काढा.

प्रतिसाद ३
मळकट हिरवा लोखंडी पाइपमुळे. लोह लागलं की झेंडू शेवाळी होतो, आणि हिरडा लावलेलं कापड तर काळपट राखाडी पडेल. लाकडी दांडा घ्या. गडद रेषा हव्याच असतील तर हिराकस (लोहाचा क्षार) चिमूटभर, लिटरभर पाण्यात, आणि त्यात फक्त पानं बुडवा. जास्त झालं तर धागा कुजतो.

कडा फुटतात त्या ओलाव्याने. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. पानाची शिरांची बाजू कापडाला लावा, गुंडाळी इतकी घट्ट बांधा की बोटाने दाबली तरी पान सरकणार नाही. झाकणाखाली जाड फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून ठसे वाहतात. वाफ किमान दीड तास. पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळी उघडा.

प्रश्नकर्ती
हिरड्याने पार्श्वभूमी पिवळट होईल ना? पांढरी हवी असेल तर?

प्रतिसाद २
होईल. पांढरी हवी तर मायफळ (ओकच्या झाडावरची टॅनिनयुक्त गाठ) वापरा, त्याची झाक बरीच फिकी असते. प्रमाण ५० ग्रॅम पुरे. कलमकारीत हिरड्यासोबत दूध लावतात ते रंग पसरू नये म्हणून. त्यातली स्निग्धता रंगाला अडवते. आधी वितभर तुकड्यावर करून पाहा. उघडल्यावर सावलीत सुकवा, आठवडाभर धुऊ नका, आणि धुताना सौम्य साबणच घ्या. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीतल्या सोड्याने रंगाची छटा बदलते.