सोलापूरचे सिव्हिल रुग्णालय मेडिकल कॉलेजला जोडले, म्हणून ते गरिबांचे राहिले नाही काय?

साखर पेठ : 1963 मध्ये वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेव्हापासून सिव्हिल गरिबांचे न राहता विद्यार्थ्यांचे झाले, असे होटगी रोडला राहणाऱ्या गृहस्थांनी काल येथे लिहिले. ते वाचून मला राहवले नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये याच गावात जन्मले, पण डॉक्टर होण्यासाठी त्यांना मुंबईचे सेठ जी. एस. महाविद्यालय गाठावे लागले. गिरण्यांच्या आणि विड्यांच्या या गावात कॉलेज आले, म्हणूनच रात्री-अपरात्री वॉर्डात डॉक्टर दिसू लागले. माझी आई विड्या वळायची. तिला धाप लागली त्या रात्री दोन वाजता सिव्हिलमध्ये तिच्या उशाशी बसून राहिला तो एक शिकाऊ मुलगाच होता.

होटगी रोड : आपल्या मातोश्रींविषयी मला आदर आहे, पण माझे वडीलही अशाच एका शिकवणीच्या रुग्णालयात होते, त्याचे नाव घेत नाही. अकरा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने त्यांचे पोट दाबून पाहिले. शेवटी त्यांनी धोतराचा सोगा तोंडावर ओढून घेतला. नाव मात्र एकानेही विचारले नाही.

अशोक चौक : आपण दोघेही शिधापत्रिका विसरता आहात. 2 जुलै 2012 रोजी सरकारी खर्चाने उपचार देणारी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत सोलापूर होते, आणि पिवळ्या-केशरी कार्डावर गरीब माणूस खासगी दवाखान्याची पायरी चढला. परंतु आमच्या तेलुगू घरांत आडनाव कार्डावर एक आणि आधारवर दुसरे असते. एवढ्या एका वेलांटीसाठी माझ्या काकूंची शस्त्रक्रिया आठ दिवस अडली.

होटगी रोड : वेलांटीचा येथे काय संबंध?

अशोक चौक : ज्याची अडते त्याला संबंध कळतो, साहेब! कार्ड जुळले नाही की खासगीवाले हात वर करतात, मग माणूस सिव्हिललाच येतो.

होटगी रोड : येतो, हे मान्य. पण 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी उपचार मोफत झाले, तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे बाहेर राहिले. कॉलेज नसते, तर आमच्या गरिबाचा केसपेपरही तेव्हाच फुकट झाला असता.

साखर पेठ : हा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि त्याचे वाईट वाटते. मात्र ती चूक मंत्रालयातल्या दोन खात्यांची आहे. आईच्या उशाशी बसलेल्या त्या मुलाच्या माथी ती मी मारू देणार नाही.