खैबर खिंड इतकी अरुंद, मग ती अडवता का आली नाही?

प्रश्न
पेशावरजवळच्या जमरूदपासून तोरखमकडे जाणारी खैबरची वाट अली मशिदीपाशी अतिशय चिंचोळी होते आणि दोन्ही बाजूंना उभे कडे येतात. असे असूनही आक्रमक शतकानुशतके तिथून येत राहिले. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, तरी पुढच्याच वर्षी अब्दाली पुन्हा चालून आला. दिल्लीच्या सत्ताधीशांनी इथे भक्कम किल्ला बांधून ही वाट कायमची बंद का केली नसावी?

प्रतिसाद १
मुळात ज्या काळाबद्दल आपण विचारता, त्यातील बराच काळ खैबर ही सरहद्द नव्हतीच. अकबराने १५८५ मध्ये काबूल थेट आपल्या अमलाखाली घेतले, तेव्हापासून १७३८ पर्यंत खिंडीच्या दोन्ही बाजूंना मुघलांचाच मुलूख होता, आणि आपल्याच दोन सुभ्यांमधला रस्ता कोणी बंद करत नाही. तो रस्ता वाहता ठेवणेच त्यांना जड जात होते. १६७२ मध्ये काबूलचा सुभेदार मुहम्मद अमीन खान याची फौज ऐमल खानाच्या आफ्रिदी टोळीवाल्यांनी याच डोंगरांत कापून काढली. १७३८ मध्ये इराणचा नादिरशहा आला तेव्हा काबूल आधीच पडले होते. सुभेदार नासिर खान खैबरची वाट अडवून उभा राहिला खरा, पण नादिरशहाने डोंगरातील आडवाटेने वळसा घालून त्याला पाठीमागून गाठले. माथे ज्याच्या ताब्यात, त्याचीच खिंड! १८४२ मध्ये इंग्रज सेनापती पोलॉकने हे ओळखून दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर आधी सैन्य चढवले आणि मगच मुख्य फौज खालून पुढे नेली.

प्रतिसाद २
वरील उत्तरात व्यापाराचा मुद्दा राहिला आहे, आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार आहे. हिंदुस्थानातील घोडदळांना मध्य आशियातील घोडे हवे असत. ते आणि सुका मेवा या वाटेने खाली येई, तर सुती कापड व नीळ वर जाई. वाट बंद करणे म्हणजे स्वतःच्याच घोडदळाची रसद तोडणे. आफ्रिदी टोळ्या काफिल्यांकडून वाटकर घेत आणि त्या बदल्यात त्यांना सुखरूप पार करून देत. पुढे इंग्रजांनी हा कर बंद करवून टोळ्यांना ठरावीक तनखा लावून दिला. काफिल्यांसाठी आठवड्याचे ठरावीक वार नेमलेले असत आणि त्या दिवशी टेकड्यांवर खैबर रायफल्स या स्थानिक टोळीवाल्यांच्या इंग्रजी पलटणीचे पहारे बसत. एवढी व्यवस्था असूनही १८९७ मध्ये आफ्रिदी उठले आणि खिंडीतले लंडी कोतलचे ठाणे त्यांनी घेतले.

प्रतिसाद ३
आपण सुचवता तसा किल्ला झाला होता, मात्र तो शिखांनी १८३६ मध्ये, खिंडीत नव्हे तर तिच्या पूर्वेकडील तोंडाशी, जमरूदला बांधला. दुसऱ्याच वर्षी काबूलचा अमीर दोस्त मुहम्मद याच्या अफगाण फौजेशी लढताना शीख सेनापती हरिसिंग नलवा तिथे मारला गेला, तरी किल्ला पडला नाही. बाकी, सिकंदर खैबरमधून आला हे सर्रास सांगितले जाते, पण तो स्वतः उत्तरेकडून कुनार आणि स्वातच्या खोऱ्यांतून आला होता. त्याचे सेनापती हेफेस्टियन आणि पर्डिकस यांच्या हाताखालील तुकडीच काबूल नदीच्या बाजूने उतरली.