मदत हवी आहे : कमांडमध्ये एखादी सोय आहे की नाही, हे चाचणीत खात्रीने कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मालवणहून लिहितेय. आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी एक शेल स्क्रिप्ट (कमांडींचा छोटा प्रोग्राम) केली आहे. कुठल्या बोटीने कधीपर्यंत बंदरात परतायचं, त्याची यादी ती काढते. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै. परतायचा शेवटचा दिवस काढायला मी डेट या तारखेच्या कमांडला -डी हा पर्याय देऊन १ जूनमधून एक दिवस वजा करते.

माझ्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) स्क्रिप्टच्या सगळ्या चाचण्या पास. भाच्याच्या मॅकवर नापास, कारण तिथली डेट बीएसडी या वेगळ्या घराण्यातली. तिला वजाबाकीसाठी -व्ही लागतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्येही (मशीनमधल्या वेगळ्या बंदिस्त जागेत) नापास. तिथल्या बिझीबॉक्सला (कमांडींचा आटोपशीर संच) -डी कळतो, पण ‘एक दिवस आधी’ कळत नाही.

आधी यूनेम ही सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड बघून सोय आहे का ते ठरवत होते. पण अल्पाइनसुद्धा ‘लिनक्स’च सांगतो. आणि भाच्याने होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) ग्नूची कोअरयुटिल्स, म्हणजे डेटसारख्या कमांडींचा संच, घेऊन पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) पुढे टाकली, तेव्हा मॅकवरही -डी चालू लागला! म्हणून यूनेम सोडलं. आता चाचणीआधी खरंच २०२४-०६-०१ देऊन बघते. उत्तर २०२४-०५-३१ आलं तरच सोय आहे, नाहीतर चाचणी स्किप, म्हणजे न चालवताच सोडून देते.

हे छान चाललं होतं. मग गेल्या महिन्यात त्या ओळीतलं एक अवतरणचिन्ह माझ्याकडून उडालं. तपासणी सगळीकडे फसली, तारखेच्या चाचण्या सगळीकडे स्किप झाल्या आणि खाली हिरवं ‘पास’. त्याच सुमारास वजाबाकीची ओळही बिघडली होती, ते कळलंच नाही. यादीवर ३१ मेऐवजी १ जून छापून आलं. एका तांडेलाने कागद बघून विचारलं, ‘‘एक तारखेक बंदी लागता ना गो?’’ त्याने विचारलं म्हणून निभावलं. नाहीतर माझ्या कागदावर विसंबून बोट बाहेर राहिली असती आणि कारवाई मालकावर झाली असती. तेव्हापासून ते हिरवं अक्षर बघवत नाही.

‘सोय नाही’ आणि ‘माझी तपासणीच मोडली’ हे वेगळं कसं करायचं? मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडचं बरं, संपताना ती सापडलं नाही तर १ देते आणि चूक झाली तर त्याहून मोठा आकडा. डेटकडून तसं काही मिळत नाही.

प्रतिसाद
ताई, स्किप करायचा हक्क प्रत्येक मशीनला देऊ नका. जिथे सोय असायलाच हवी, तिथे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर त्या मशीनवर ठेवलेल्या नोंदीत) तिचं नाव लिहा. तिथे ती सापडली नाही तर चाचणी सरळ नापास. बाकी ठिकाणी स्किप चालेल, पण कारण आणि संख्या शेवटी छापा. ऑटोमेक या प्रोग्राम बांधायच्या साधनात स्किपसाठी ७७ हा वेगळा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) आहे तो याचसाठी. शिवाय तपासणीचीही तपासणी करा : त्याच फंक्शनमधून आधी साधी डेट चालवा, ती यशस्वी व्हायलाच हवी, मग मुद्दाम खोटा पर्याय द्या, तो फसायलाच हवा. आणि एररचा मजकूर कधी जुळवू नका, भाषा बदलली की तो बदलतो.

मूळ लेखिका
मनापासून आभार. आत्ताच उबुंटूवर तेच अवतरणचिन्ह मुद्दाम काढून बघितलं. लाल! तरी एक अडतंय. भाच्याच्या मॅकवर ग्नूची डेट कधी पुढे असते, कधी नाही. त्याच्यासाठी ‘हवीच’ लिहू, की ते मशीन मोकळं सोडू?